बाहुल्यांच्या खोलीत हीटर लावावा का?

तुम्ही विचारलंय, की कडक थंडीच्या भागातल्या एका जुन्या घरात नुकत्याच राहायला आल्या आहात, सोबत बाहुल्यांचा संग्रह आहे, त्यांचे कपडेही तुम्हीच शिवता. मग हिवाळ्यात हे सगळं कसं सांभाळायचं, आणि बाहुल्यांच्या खोलीत हीटर लावावा का?

हीटर लावू नका. तो तुमच्या शिवणाच्या खोलीत लावा. ऊब तुम्हाला हवी, बाहुल्यांना नको. त्यांना हवी असते ती सकाळ-संध्याकाळ, आज-उद्या सारखीच राहणारी हवा. हे मला एक बाहुली गमावण्याच्या बेतात आल्यावर कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुन्या घरातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी सगळ्या बाहुल्या माझ्या बसायच्या खोलीत आणून ठेवल्या. दिवसा हीटर चालू, रात्री बंद. त्यात १९३०च्या दशकातली एक कॉम्पोझिशनची बाहुली होती. कॉम्पोझिशन म्हणजे लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लगदा साच्यात दाबून केलेलं अंग, आणि त्यावर रंगाचे थर. दीड महिन्यानं तिच्या गालावर तिरपा प्रकाश पडला, तेव्हा डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत बारीक भेगांची जाळी दिसली. मी तिला एकदाही पाडलं नव्हतं, कुणी हातही लावला नव्हता.

झालं होतं ते असं. बाहेर ० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, तरी त्या गार हवेत पाणी मुळात थोडंच असतं. तीच हवा फटींतून आत येऊन २० अंशांपर्यंत तापली, की आर्द्रता जेमतेम २० टक्क्यांवर येते. हीटर पाणी शोषत नाही, पण तापलेली हवा तहानलेली होते आणि मिळेल तिथून ओल ओढते. भुसा आकसतो. रात्री हीटर बंद झाला की ओल परत येते आणि भुसा फुगतो. वरच्या रंगाला ही आकसण्या-फुगण्याची लवचिकता नसते, तो तडकतो. नुसत्या थंडीनं त्या बाहुलीचं इतकं नुकसान केलं नसतं. रोजच्या या चढउतारानं केलं.

म्हणून पहिली खरेदी हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरची करा. साधा चालतो. बाहुल्यांच्या कपाटात ठेवा आणि आठवडाभर सकाळ-रात्र आकडे वहीत लिहा. ४५ ते ५५ टक्के छान. ४० वर स्थिर असेल तरी मी काळजी करत नाही, पण एका दिवसात ३० वरून ६० वर जात असेल तर करते. ६५ च्या वर रेंगाळलं की बुरशीची भीती. माझ्या बाहुल्यांची खोली आता हिवाळाभर १२ ते १५ अंशांवर असते. आत जाताना मला शाल लागते, त्यांचं काही बिघडत नाही.

जुन्या घरात भिंत हा दुसरा प्रश्न. २० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेची हवा सुमारे ९ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली, की तिथे दव धरतं. बाहेरची भिंत, खिडकीची काच, कोपरे हिवाळ्यात सहज तितके गार होतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवलं, तर मागे हवा खेळत नाही आणि महिन्याभरात काळे ठिपके दिसतात. आतल्या भिंतीला लावा, तेही मागे चार बोटं जागा सोडून. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराची दारं बंद ठेवायची सवय लावा, कारण तिथली वाफ घरातल्या सगळ्यात गार खोलीत जाऊन बसते, आणि ती खोली बाहुल्यांचीच असते.

गॅसवर किंवा केरोसीनवर चालणारा, धुराडं नसलेला हीटर तर त्या खोलीत नकोच. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन खोलीत पसरतं. शिवाय फटी बुजवलेल्या खोलीत अशा ज्योतीमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. तुमच्या शिवणाच्या खोलीलाही हे लागू आहे. तिथे विजेचा हीटर ठेवा.

काच लावलेली शोकेस सुंदर दिसते, पण हिवाळ्यात मी कापडानं आणि कागदानं भरलेल्या बंद लाकडी कपाटालाच पसंती देते. सुती कापड, कागद, लाकूड हे तिन्ही ओल घेतात आणि सावकाश सोडतात, त्यामुळे खोलीतले चढउतार कपाटात बोथट होऊन पोचतात. हा उपाय जवळजवळ फुकटात होतो.

तुमच्याकडे कुठल्या प्रकारच्या बाहुल्या आहेत ते लिहिलेलं नाही, म्हणून थोडं प्रकारवार सांगते. बिस्कची, म्हणजे चकाकी न दिलेल्या पोर्सिलेनची डोकी दमटपणाला दाद देत नाहीत. पण त्यांची अंगं बहुधा कॉम्पोझिशनची किंवा चामड्याची असतात, म्हणजे काळजी तीच. उघडझाप करणारे काचेचे डोळे असतील, तर अशी बाहुली पेटीत पालथी ठेवतात, चेहऱ्याखाली मऊ आधार देऊन. डोळ्यांमागे वजन असतं आणि आतली जोडणी प्लास्टरची असते. उताणी ठेवली तर हादऱ्यानं ती निखळू शकते. मेणाच्या बाहुल्या गारठ्यात तडकतात आणि उन्हात वितळतात, त्यांना घरातली सगळ्यात स्थिर जागा द्या.

सेल्युलॉइडबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. हे जुन्या काळचं प्लास्टिक, नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण. जुन्या सेल्युलॉइडच्या बाहुलीला अजूनही कधी कधी कापराचा वास येतो. ते भसकन पेट घेतं. हीटर, दिवा, मेणबत्ती, कडक ऊन, कशाच्याही जवळ नको. जुनं होताना त्यातून आम्लधर्मी वायू सुटतो. तो शेजारच्या धातूला गंज चढवतो आणि इतर बाहुल्यांनाही बाधतो. म्हणून वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, हवा जाईल असं ठेवा. प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात कोंडलं तर तोच वायू तिला आणखी लवकर खातो.

व्हिनाइलचं उलट आहे. बार्बी १९५९ साली आली, तेव्हापासूनच्या बहुतेक बाहुल्यांत हे मऊ प्लास्टिक असतं. त्यात मिसळलेला मऊपणा देणारा पदार्थ उष्णतेनं बाहेर झिरपतो आणि पाय चिकट होतात. गारवा तिला मानवतो, फक्त कडक थंडीत हात-पाय वाकवू नका, ताठरलेलं प्लास्टिक चिरतं. सुरुवातीच्या बार्बीच्या धातूच्या कुड्या मात्र काढून ठेवा. त्यातल्या तांब्यानं कानाभोवती हिरवे डाग पडतात आणि ते आत मुरत जातात.

हिवाळ्यातलं ऊन विसरू नका. सूर्य खाली असल्यामुळे किरणं खोलीत खूप आतवर येतात. उन्हाळ्यात जो कप्पा सावलीत होता, तो जानेवारीत दुपारभर उन्हात असू शकतो. माझ्या एका बाहुलीचा निळा झगा असा एकाच बाजूनं विटला. दुपारच्या वेळी कपाटासमोर एकदा उभ्या राहा, म्हणजे कळेल.

आणि कसर. लोकर, मोहेरचे (अंगोरा शेळीच्या लोकरीचे) केस, फेल्ट यांना हिवाळ्यातही कसर लागते, कारण आपण घर गरम ठेवतो. संशय आला तर फक्त कपडे घट्ट पिशवीत बांधून, हवा काढून, फ्रीझरमध्ये ठेवा. घरच्या फ्रीझरचं तापमान उणे १८ च्या आसपास असतं, म्हणून मी दोन आठवडे ठेवते. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीवर धरतं, कपड्यावर नाही. बाहुलीच कधी फ्रीझरमध्ये घालू नका.

आता तुमचं शिवण. माझ्यासाठी हिवाळा हा वर्षातला सगळ्यात भरभरून कामाचा काळ आहे, आणि त्याचं श्रेय या घरालाच आहे. घरभर ऊब पुरवणं शक्य नाही म्हटल्यावर मी एक छोटी खोली निवडली, टेबल खिडकीपासून हातभर दूर ओढलं, पायाखाली जाड सतरंजी टाकली. फटी शोधायला पातळ टिश्यू पेपरची पट्टी चौकटीजवळ धरा. जिथे ती फडफडते तिथे कापडाची गुंडाळी किंवा फटीची पट्टी लावा. हवा येण्याजाण्याचे झरोके मात्र बुजवू नका, जुन्या चुन्याच्या भिंतींनाही श्वास लागतो.

दिवस लहान असतो, म्हणून मी कामं वाटून घेतली आहेत. रंग जुळवणं, कापड बेतणं, काळ्यावर काळी टीप हे सगळं दुपारच्या उजेडात. संध्याकाळी दिव्याखाली हेम, बटणं, विणकाम. चिकटवण्याची आणि रंगवण्याची कामं उबदार खोलीतच करा. पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद आणि ॲक्रिलिक रंग साधारण १० अंशांखाली नीट सलग पापुद्रा धरत नाहीत, खडूसारखे भुरभुरीत वाळतात. दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी गोंद गारठ्यात दुप्पट वेळ घेतो. मी आधी त्या बिचाऱ्या गोंदालाच दोष देत होते.

मोजमापाचं एक सांगावंसं वाटतं, कारण थंडीत आपल्याला जाड, उबदार कापडं हाताळायचा मोह होतो. बार्बीच्या मापाला, म्हणजे सहाव्या हिश्शाला, अर्ध्या मिलिमीटरचं कापड तीन मिलिमीटर जाड घोंगडीसारखं वागतं. एक सेंटिमीटरचं फूल तिच्या झग्यावर सहा सेंटिमीटरचं दिसतं. म्हणून कोटसुद्धा पातळ लोकरीचा, अस्तर मलमलीचं, शिलाईसाठी पाच मिलिमीटर जागा, टाका दीड मिलिमीटर. गडद लाल, काळं, गडद निळं कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि व्हिनाइलच्या अंगावर आधी पांढरा पातळ थर घाला. उबेत रंग अंगाला लवकर लागतो.

गेल्या हिवाळ्यात उरलेल्या चिंध्यांतून मी दोन सेंटिमीटरच्या चौकोनांची, बाहुलीच्या बिछान्याएवढी गोधडी शिवली. सगळी हातशिलाई, धावदोरा. तीन आठवडे लागले. तडकलेल्या गालाची ती बाहुली आता त्या गोधडीवर, आतल्या भिंतीच्या कपाटात असते. भेगा मी बुजवल्या नाहीत. पाण्यानं पुसायला गेलं तर सरस विरघळतो, आणि वरून रंग दिला तर तिचा मूळ चेहराच जातो. पण त्यानंतरच्या चार हिवाळ्यांत एकही नवी भेग पडलेली नाही.

तुमची खोकी अजून बांधलेली असतील तर फार बरं. ती बाहुल्यांच्या खोलीत नेऊन ठेवा आणि एक दिवस तशीच राहू द्या, म्हणजे आतली गार बाहुली एकदम उबेत येऊन तिच्यावर दव धरणार नाही. तोवर हायग्रोमीटर मांडा. सगळ्यात आधी कॉम्पोझिशनच्या उघडा, आणि त्यांच्या आजच्या चेहऱ्यांचे तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा.