१ जीबीच्या डिस्करहित संगणकावर ‘राइट एरर’ : इनिटरॅमएफएसची मर्यादा कोठे आणि किती ठेवावी

आपला प्रश्न मला समजला तो असा. हिंगणा मार्गावरील आपल्या संस्थेच्या प्रयोगशाळेत हार्ड डिस्क नसलेले जुने संगणक आहेत. ते नेटवर्कवरून सुरू होतात आणि त्यांची सगळी प्रणाली शेवटपर्यंत इनिटरॅमएफएसमध्येच, म्हणजे सुरू होताना रॅममध्ये उलगडल्या जाणाऱ्या फाइल प्रणालीतच, राहते. कॉम्प्रेस केलेली इमेज १९० एमबीची आहे आणि उलगडल्यावर ती ५२० एमबी होते. २ जीबीच्या यंत्रांवर काहीच अडचण नाही. १ जीबीच्या यंत्रांवर मात्र नव्या बूट फाइलने (कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, द्यायच्या सूचनांची फाइल) सुरुवात केली की ‘इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड : राइट एरर’ असा संदेश येतो, आणि जुन्या बूट फाइलने केली तर यंत्र सुरू होते पण दुपारपर्यंत गोठते. मे महिना असल्यामुळे आपण उन्हाला दोष देत आहात आणि बर्डीच्या बाजारात जाऊन रॅमच्या नव्या पट्ट्या घेण्याच्या विचारात आहात.

पट्ट्या घेण्याची घाई करू नये. ‘राइट एरर’ आणि दुपारचे गोठणे हे दोन वेगळे बिघाड नसून एकाच मर्यादेच्या दोन बाजू आहेत : नव्या फाइलमध्ये ती मर्यादा गरजेपेक्षा कमी आहे आणि जुन्या फाइलमध्ये ती मुळीच नाही. (पुढे सर्व आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत, यंत्रावर त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्या लागतील.)

लिनक्स कर्नल सुरू होताना सर्वांत आधी ‘रूटएफएस’ नावाची एक फाइल प्रणाली मेमरीत उभी करतो आणि बूटलोडरने (कर्नल मेमरीत आणणारा छोटा प्रोग्राम) आणून ठेवलेला सीपीआयओ संग्रह (अनेक फाइली एकत्र बांधलेली इमेज) तिच्यात उलगडतो. ही रूटएफएस दोनपैकी एका प्रकारची असते. पहिला प्रकार रॅमएफएस. तिला आकाराची मर्यादा नसते, लिहिणाऱ्याला ती कधीच नकार देत नाही आणि तिची पाने (मेमरीचे ठरावीक तुकडे) स्वॅपमध्येही, म्हणजे मेमरी कमी पडल्यावर वापरायच्या पर्यायी जागेतही, जात नाहीत. दुसरा प्रकार टीएमपीएफएस. तिला मर्यादा असते, आणि आपण काही सांगितले नाही तर ती मर्यादा उपलब्ध मेमरीच्या निम्मी धरली जाते. कर्नल ३.१३ पासून, टीएमपीएफएसची सोय कर्नलमध्ये बांधलेली असेल तर रूटएफएस सहसा टीएमपीएफएसच होते. अपवाद दोन : आपण ‘रूटएफएसटाइप=रॅमएफएस’ असे स्पष्ट लिहिले असेल, किंवा कर्नलच्या आज्ञेत ‘रूट=’ हा शब्द कोणत्याही स्वरूपात आला असेल.

आपल्या कोड्याचे उत्तर या दुसऱ्या अपवादात आहे. आपण पाठवलेल्या जुन्या बूट फाइलमध्ये ‘रूट=/डेव्ह/रॅम०’ असे लिहिलेले आहे. ज्या काळी इनिटआरडी (इनिटरॅमएफएसची पूर्वज) ही खरोखरची रॅमडिस्क, म्हणजे मेमरीत बनवलेली नकली डिस्क, असे, त्या काळचा हा अवशेष असून आजही कित्येक फाइलींत तो नकलून पुढे चालत आला आहे. संग्रहात ‘इनिट’ ही (सर्वांत आधी चालवली जाणारी) फाइल असल्यामुळे कर्नल या रॅमडिस्कच्या वाटेला जातच नाही. मात्र ‘रूट=’ दिसल्याबरोबर तो असे धरतो की खरी मूळ फाइल प्रणाली नंतर दुसरीकडून येणार आहे, आणि म्हणून टीएमपीएफएसऐवजी साधी रॅमएफएस उभी करतो. नवी फाइल तयार करताना आपण हा निरुपयोगी वाटणारा शब्द काढून टाकलात. ते योग्यच होते, पण त्याबरोबर निम्म्या मेमरीची मर्यादा लागू झाली. त्याच जुन्या ओळीतील ‘रॅमडिस्क_साइझ=’ हा शब्दही इनिटरॅमएफएससाठी निरर्थक आहे. तो केवळ रॅमडिस्कच्या ब्लॉक उपकरणांचा आकार किलोबाइटमध्ये ठरवतो. तो दुप्पट-चौपट करून आपण दोन दिवस घालवलेत. त्याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण मीही एके काळी तेच केले आहे.

चालू यंत्रावर खात्री करून घेणे सोपे आहे. ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘माउंट्स’ ही फाइल उघडावी आणि ‘रूटएफएस’ने सुरू होणारी ओळ पाहावी. तिच्यात ‘साइझ=’ आणि ‘एनआर_आयनोड्स=’ असे आकडे दिसले तर ती टीएमपीएफएस आहे. नुसते ‘आरडब्ल्यू’ असेल आणि आकडा नसेल तर ती रॅमएफएस आहे. ‘डीएफ’ या आज्ञेवर येथे विसंबू नये, कारण तिच्या काही आवृत्त्या रूटएफएसची ओळच गाळतात.

आता हिशेब. १ जीबी म्हणजे १०२४ एमबी. त्यातून ६४ एमबी आपल्या मदरबोर्डवरील ग्राफिक्स घेते. कर्नल स्वतः आणि त्याची कोष्टके यांसाठी अंदाजे ४० एमबी धरू. आता राहिले ९२० एमबी. येथपर्यंत बहुतेक जण बरोबर येतात, पण पुढची वजाबाकी विसरतात : कॉम्प्रेस केलेला १९० एमबीचा संग्रह स्वतःही मेमरीतच पडून असतो, आणि उलगडणे पूर्ण होईपर्यंत ती जागा राखीव राहते. रूटएफएस उभी होते त्या क्षणी कर्नलच्या लेखी एकूण मेमरी सुमारे ७३० एमबी असते आणि तिचे निम्मे, म्हणजे ३६५ एमबी, ही मर्यादा ठरते. त्यात ५२० एमबी मावणार नाहीत. २ जीबीच्या यंत्रावर हाच हिशेब ८७० एमबीच्या आसपास येतो, म्हणून तेथे आपल्याला काहीच जाणवले नाही. ध्यानात ठेवावे की कॉम्प्रेशनची पद्धत बदलून, म्हणजे जीझिपऐवजी झेडएसटीडी किंवा एक्सझेड घेऊन, ५२० हा आकडा हलत नाही. फक्त १९० कमी-जास्त होतो. उलगडलेला आकार मोजतानाही प्रत्येक फाइल ४ केबीच्या पूर्ण पानांत बसते हे धरावे. हजारो लहान फाइली असतील तर प्रत्यक्ष जागा बेरजेपेक्षा बरीच जास्त लागते, आणि फाइलींच्या संख्येलाही वेगळी मर्यादा असते.

जुन्या फाइलने यंत्र दुपारी का गोठते, तेही याच हिशेबातून निघते. विद्यार्थी ब्राउझर वापरतात, ब्राउझरची कॅशे घर-निर्देशिकेत साठते आणि आपल्या रचनेत घर-निर्देशिका रूटएफएसवरच आहे. रॅमएफएस प्रत्येक वेळी ‘लिही’ म्हणते. मेमरी संपत आली की कर्नलचा ओओएम किलर एखादी मोठी प्रक्रिया, बहुधा ब्राउझरच, मारून टाकतो. पण प्रक्रिया मेली तरी तिने लिहिलेल्या फाइली तशाच राहतात. त्या पानांना तो हात लावू शकत नाही. मेमरी मोकळी होत नाही, पुढची प्रक्रिया बळी जाते आणि शेवटी पडदा स्थिर होतो. उन्हाचा संशय मलाही एका उन्हाळ्यात आला होता. डिस्क उष्णतेने दगावतात म्हणून आम्ही डिस्करहित यंत्रांकडे वळलो, आणि तीही दुपारी दोनला गोठू लागली तेव्हा मी कूलरचे तोंड यंत्रांकडे वळवून ठेवले होते! पारा ४५ अंशांवर असताना तसे वाटणे स्वाभाविक आहे. पडताळणी अशी करावी : एक यंत्र संध्याकाळी सुरू करून त्यावर तितकेच तास ब्राउझर वापरावा. ते रात्री गोठले तर उन्हाचा संबंध संपला.

उपायांकडे येऊ. कर्नल ६.१८ पासून ‘इनिटरॅमएफएस_ऑप्शन्स=’ हा बूट पर्याय मिळाला आहे, आणि तो नेमका याच अडचणीसाठी आणला गेला. केडम्पचा (कर्नल कोसळल्यावर मेमरीची नोंद जतन करणारी सोय) दुसरा कर्नल ‘क्रॅशकर्नल=’ने राखलेल्या तुटपुंज्या मेमरीत सुरू होतो आणि तेथे निम्म्याची मर्यादा फार जाचक ठरते. ‘इनिटरॅमएफएस_ऑप्शन्स=साइझ=८०%’ असे लिहिल्यास आपल्या यंत्रावर मर्यादा ५८४ एमबी होईल. ५२० एमबी उलगडतील आणि लिहिण्यासाठी सुमारे ६४ एमबी उरतील. उलगडून झाल्यावर संग्रहाचे १९० एमबी परत मिळतात, पण टक्केवारीचा हिशेब आधीच झालेला असल्यामुळे मर्यादा वाढत नाही, आणि आपल्या दृष्टीने ते चांगलेच आहे. तेव्हा ९२० पैकी ५८४ वजा जाऊन प्रक्रियांसाठी ३३६ एमबी हमखास राहतात. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. जुना ‘रूट=’ शब्द त्याच ओळीत राहिला तर रॅमएफएस उभी होईल, आणि रॅमएफएस न कळणारे पर्याय मुकाट्याने गिळते : कोणतीही चूक दिसणार नाही आणि मर्यादाही लागणार नाही. दुसरे म्हणजे ‘साइझ=०’ लिहून मर्यादा काढण्याचा मोह टाळावा. मर्यादा नसलेल्या टीएमपीएफएसला नंतर रीमाउंट करून मर्यादा घालता येत नाही. कर्नल ते नाकारतो.

‘रूटफ्लॅग्स=साइझ=८०%’ असे लिहिण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिल्याचे आपण म्हणता. तो उपयोगाचा नाही, कारण ते पर्याय नंतर माउंट होणाऱ्या खऱ्या मूळ फाइल प्रणालीसाठी असतात. ‘माउंट -ओ रीमाउंट,साइझ=’ ही आज्ञा टीएमपीएफएसवर चालते, परंतु ती देईपर्यंत उलगडणे पार पडलेले असावे लागते आणि आपली यंत्रे तेथवर पोहोचतच नाहीत.

इतके सांगूनही माझा कौल ८० टक्क्यांच्या बाजूने नाही. तो आजची प्रयोगशाळा उद्या चालू ठेवण्याचा उपाय आहे. १ जीबीच्या यंत्रावर ५२० एमबीची उलगडलेली प्रणाली कायम वागवणे हीच मुळात उधळपट्टी आहे, कारण त्यातील बहुतेक फाइली दिवसभरात एकदाही उघडल्या जात नाहीत. इनिटरॅमएफएस अगदी लहान ठेवावी : नेटवर्कचे ड्रायव्हर, बिझीबॉक्स (मूलभूत आज्ञांचा एकत्रित छोटा संच) आणि एक ‘इनिट’ स्क्रिप्ट, एवढेच. या स्क्रिप्टने स्वतः एक टीएमपीएफएस आपल्या पसंतीच्या मर्यादेने माउंट करावी आणि तिच्यात उर्वरित प्रणालीची स्क्वॉशएफएस (कॉम्प्रेस केलेली, केवळ वाचता येणारी फाइल प्रणाली) इमेज सर्व्हरवरून उतरवून घ्यावी. ती इमेज लूप उपकरणाने (फाइलला डिस्कसारखे दाखवणारी सोय) केवळ वाचनासाठी माउंट करावी, तिच्यावर ओव्हरलेएफएस (वाचनाच्या थरावर लिहिण्याचा थर चढवणारी प्रणाली) टाकून लिहिण्यासाठी दुसरी १५० एमबी मर्यादेची टीएमपीएफएस द्यावी आणि मग स्विच-रूट करावे, म्हणजे या नव्या रचनेला मूळ फाइल प्रणाली बनवावे. स्क्वॉशएफएस मेमरीत कॉम्प्रेस केलेल्या स्वरूपातच राहते आणि लागेल तेवढाच भाग उलगडते, त्यामुळे ५२० एमबींच्या जागी २०० एमबींच्या आसपास खर्च होतो. उलगडलेले तुकडे कॅशेत राहतात, पण गरज पडली की कर्नल ते टाकून देऊ शकतो. या मार्गाला ६.१८ची गरजही नाही, कारण स्वतः केलेल्या माउंटला ‘साइझ=’ देणे पूर्वीपासून चालत आले आहे. स्विच-रूट करताना लहान इनिटरॅमएफएसमधील फाइली पुसल्या जातात आणि तीही मेमरी सुटते. रूटएफएस अनमाउंट मात्र करता येत नाही. ती रिकामी होऊन तळाशी राहते, तिची काळजी नको.

मर्यादा म्हणजे राखीव जागा नव्हे. तीन टीएमपीएफएसना प्रत्येकी ५० टक्के दिले तरी कर्नल तक्रार करणार नाही, आणि तिन्ही भरू लागल्या तर आपण पुन्हा दुपारच्या गोठण्यावर येऊ. सर्व मर्यादांची बेरीज करून प्रक्रियांसाठी किमान ३०० एमबी उरतात का, ते कागदावर पाहावे. लॉगच्या निर्देशिकेला वेगळी ३२ एमबीची टीएमपीएफएस दिल्यास लॉग भरल्यावर फक्त लॉग थांबतील. ब्राउझरच्या कॅशेलाही त्याच्या मांडणीतून ठरावीक आकार देता येतो, तो द्यावा. झेडरॅमचा (मेमरीतच कॉम्प्रेस करून ठेवणारा) स्वॅप जोडल्यास टीएमपीएफएसची न वापरलेली पाने कॉम्प्रेस होऊन तेथे जातात, म्हणून १ जीबीच्या यंत्रावर तो जरूर लावावा.

उद्या सर्वप्रथम १ जीबीच्या एकाच यंत्रावर ‘रूट=’ काढून ८० टक्क्यांचा पर्याय लावावा. ‘माउंट्स’ फाइलमध्ये ‘साइझ=’चा आकडा सहा लाख केबीच्या जवळपास दिसतो का ते पाहावे, आणि नंतर मुद्दाम एक मोठी फाइल लिहून ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही चूक येते की यंत्र गोठते याची नोंद घ्यावी. ती चूक आली तर मर्यादा लागली आहे. कर्नलची आवृत्ती आपण कळवलेली नाही, ती ६.१८च्या आधीची असेल आणि हा पर्याय तिला कळत नसेल, तर थेट स्क्वॉशएफएसच्या मार्गाने जावे. ‘इनिट’ स्क्रिप्टचा आराखडा तयार झाला की येथे टाकावा, मी ओळीओळीने पाहून देईन.