वाचकांचे प्रश्न: सिस्टीम ॲनालिस्ट व्हायचंय, नोकरी सोडू का?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी इचलकरंजीची, वय २७. बारावी कॉमर्स (मॅथ्स होतं), मग बीकॉम, आणि चार वर्षं झाली एका पतसंस्थेत क्लार्क आहे. मागच्या वर्षी आमचं सॉफ्टवेअर बदललं तेव्हा कंपनीची माणसं आली होती, त्यांना पिग्मी, सोनेतारण, मुदत ठेव हे सगळं समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं आणि मला ते इतकं आवडलं की तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. त्यांच्यातले एक सर म्हणाले याला सिस्टीम ॲनालिस्टचं काम म्हणतात, तुम्हाला जमेल. पुण्यात एका क्लासमध्ये चौकशी केली तर ते म्हणाले आधी नोकरी सोडा, फुल स्टॅक कोर्स करा, फी ८० हजार. काय करू?

उत्तर: आधी एक सांगते, नोकरी सोडू नका. आणि ते ८० हजार भरू नका, निदान आत्ता तरी नाहीच. फुल स्टॅक म्हणजे वेबसाइटचा पुढचा-मागचा कोड लिहायला शिकणं, तुम्हाला आवडलंय ते काम वेगळंच आहे.

त्या माणसांसोबत बसून तुम्ही जे केलंत तेच हे काम, फक्त तुम्ही टेबलाच्या या बाजूला होतात. ॲनालिस्ट समोर बसतो, काम आज कसं चालतं ते विचारतो, ते कागदावर मांडतो, नवीन सिस्टीमने काय करायचं ते प्रोग्रामरला कळेल असं लिहितो आणि मग बनून आलेलं तसंच आहे का ते तपासतो. अवघड भाग विचारण्याचा असतो. पिग्मीचंच घ्या, म्हणजे एजंट रोज दारोदार फिरून, हातातल्या मशीनवर नोंद करत थोडे थोडे पैसे गोळा करतो ते. एजंटने दोन दिवस मशीनचा डेटा उतरवलाच नाही आणि खातेदार काउंटरवर पैसे काढायला आला, तर शिल्लक कुठली दाखवायची? मुदतीच्या आधी खातं बंद केलं तर एजंटला दिलेलं कमिशन परत घ्यायचं का? हे प्रश्न पुण्याच्या एसी ऑफिसात बसलेल्या हुशार मुलाला सुचत नाहीत हो, तुम्हाला झोपेतही सुचतील. हीच तुमची चार वर्षांची कमाई आहे आणि क्लासवाले तुम्हाला तीच टाकून द्यायला सांगतायत, याचा मला खरंच राग येतो.

हे काम मुळात इंजिनियरांकडूनच आलं असंही नाही. लंडनमध्ये लायन्स नावाची चहाची दुकानं चालवणारी कंपनी होती, त्यांनी ऑफिसच्या हिशोबासाठी स्वतःचा कॉम्प्युटर बांधला, लिओ, आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचा हिशोब करायला लागले. तिथे कोणतं काम मशीनवर कसं घ्यायचं याची मांडणी करणारे डेव्हिड कॅमिनर हे कंपनीत ऑफिसच्या कामाच्या पद्धती सुधारायच्या खात्यातून आलेले. म्हणजे आधी काम माहीत होतं, मशीन नंतर आलं.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या सिस्टीमवर होते. माहिती सगळी ऑफिसमधल्या साहेबांकडून घेतली, काट्यावर बसणाऱ्या क्लार्कशी बोललेच नाही. मी लिहिलं, एक वाहन, एक शेतकरी. हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच रात्री ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, दोन्हींत वेगवेगळ्या शेतकऱ्यांचा ऊस. सिस्टीम दुसऱ्या शेतकऱ्याचं नावच घेईना. बाहेर गाड्यांची रांग, ऊस वाळतोय, वजन घटतंय, नुकसान शेतकऱ्याचं. सकाळपर्यंत हाताने पावत्या फाडल्या. तो क्लार्क मला एवढंच म्हणाला, ताई, एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं. ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून ज्याच्या हाताखालून ते काम जातं त्याच्याशी बोलल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही.

आता काय शिकायचं. एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या डेटातून हवं ते काढायची भाषा, हे पहिलं, कारण डेटा कुठे कसा पडलाय ते स्वतः बघता आलं पाहिजे, रोज संध्याकाळी तासभर दिला तर तीन-चार महिन्यांत कामापुरतं येतं आणि फुकट शिकता येतं. मग डेटा फ्लो डायग्राम म्हणजे माहिती कुठून कुठे जाते त्याची आकृती, ईआर डायग्राम म्हणजे कुठली माहिती कशाशी जोडलीय त्याची आकृती, आणि यूज केस म्हणजे वापरणारा सिस्टीमकडून एखादं काम पायरीपायरीने कसं करून घेतो ते. आणि लिहिणं. सोनेतारण कर्ज अर्जापासून दागिना परत देईपर्यंत कसं चालतं, कोण काय तपासतं, कुठे अडतं, लिलावाची वेळ आली तर काय, हे दहा-बारा पानांत आकृत्यांसकट लिहून काढा, साध्या इंग्रजीत, कारण कंपन्यांत कागद इंग्रजीतच असतो. मुलाखतीत हे पुढे ठेवलंत तर कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल. फक्त खातेदारांची खरी नावं, आकडे त्यात चुकूनही नकोत, आणि संस्थेतली फाइल घरी आणायची नाही.

नोकरी शोधताना नुसतं सिस्टीम ॲनालिस्ट टाकून शोधू नका, आपल्याकडे जाहिरातीत बिझनेस ॲनालिस्ट, फंक्शनल कन्सल्टंट, इम्प्लिमेंटेशन एक्झिक्युटिव्ह अशी नावं असतात. तुमच्यासाठी खरं दार यातल्या शेवटच्या नावाचं आहे. पतसंस्था आणि सहकारी बँकांना सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपन्यांना गावोगावी जाऊन बसवून देणारी, मराठीत समजावणारी माणसं लागतात. त्या सरांचा नंबर असेल तर आजच फोन करा. पहिला पगार कदाचित फार नसेल, फिरतीही असेल, पण दोन वर्षांत चार-पाच संस्थांचं काम आतून बघायला मिळेल.

डिग्री हवीच असेल तर एमसीए, म्हणजे पदवीनंतरची कॉम्प्युटरची डिग्री. २०२०-२१ पासून तो तीनाऐवजी दोन वर्षांचा झालाय, बारावीला मॅथ्स असलेल्या बीकॉमवाल्यांनाही सीईटी देता येते, पदवीला खुल्या गटात ५० टक्के लागतात आणि कॉम्प्युटरचा पाया भरून काढणारा ब्रिज कोर्स करावा लागतो. बिझनेस ॲनालिसिसच्या आंतरराष्ट्रीय परीक्षा असतात त्यातली ईसीबीए नवख्यांसाठी आहे, पण सीबीएपी या अनुभवी लोकांच्या परीक्षेला ७५०० तासांचा अनुभव मागतात, त्यामुळे कुणी आत्ताच तुमच्याकडून तिची फी मागत असेल तर उठून या.

प्रश्न: मी नाशिकला बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोडिंग जमतं पण बोअर होतं, डायरेक्ट ॲनालिस्ट होता येईल का?

उत्तर: फ्रेशरला डायरेक्ट घेणाऱ्या जागा कमी असतात रे. टेस्टिंगमध्ये, म्हणजे बनलेलं सॉफ्टवेअर तपासायच्या कामात जा. टेस्टरला सगळी सिस्टीम बघावी लागते, रिक्वायरमेंटचा, म्हणजे सिस्टीमने काय करायचं ते लिहिलेला कागद रोज हातात असतो आणि चुकीचं लिहिलं की पुढे काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. दोन-तीन वर्षांनी तिथून ॲनालिस्टकडे वळता येतं, माझ्या ओळखीतले बरेच जण असेच आलेत. कोडिंग मात्र सोडू नकोस, प्रोग्रामर म्हणाला हे होणार नाही, तर खरंच होणार नाही की त्याला करायचं नाही, हे तुला कळायला हवं.

प्रश्न: मुलीला या क्षेत्रात पाठवायचं म्हणतोय, पण एआय हे कागद दोन मिनिटांत लिहून देतं असं ऐकलं. मग पुढे काय? एक पालक, सातारा

उत्तर: काका, कागद लिहून देतं हे खरं आहे, मीही वापरते. मीटिंगच्या नोट्स दिल्या की नीट मांडून देतं, वेळ वाचतो. त्यामुळे ज्यांचं काम फक्त मांडणीचं होतं त्यांना त्रास होणार, हे मी लपवणार नाही. पण त्या नोट्स आणायच्या कुठून? दोन ट्रॉल्यांची गोष्ट वर लिहिलीय, ती कुठल्याच कागदात नव्हती, काट्यावरच्या माणसाच्या डोक्यात होती. तुमची मुलगी अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलते का, कळलं नाही तर परत विचारते का, ते आधी बघा. तसं असेल तर जरूर पाठवा, आणि सुट्टीत एखाद्या दुकानात, दवाखान्यात, दूध डेअरीत महिनाभर बसवा, तिथलं काम कसं चालतं ते तिला लिहून काढू दे.