प्रश्न तुमचे : आखाजीच्या सुट्टीतला जुना व्हिडिओ गेम

प्रश्न : आखाजीला बहीण माहेरी आली, तेव्हा तिचा बारा वर्षांचा मुलगाही सोबत होता. दुपारच्या उन्हात त्याला बाहेर सोडता येत नव्हते, म्हणून मी माळ्यावरून माझा लहानपणीचा व्हिडिओ गेम काढला, कॅसेट लावली आणि नव्या एलईडी टीव्हीला जोडला. मारिओ सुरू झाला. पण चित्र ठोकळ्याठोकळ्यांचे आणि आडवे ताणलेले दिसत होते, बटण दाबल्यावर उडी उशिराच लागत होती आणि बदकांच्या खेळातली बंदूक तर चाललीच नाही. भाचा म्हणाला, ‘मामा, तुम्ही हेच खेळायचे का?’ माझ्या आठवणीतले चित्र एवढे वाईट नव्हते. माझी आठवण खोटी आहे, की हा खेळच आता खेळण्याजोगा राहिलेला नाही? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : तुमची आठवण खोटी नाही. तुम्ही लहानपणी जे चित्र पाहिले, ते खरोखरच आज तुमच्या भाच्याने पाहिलेल्या चित्रापेक्षा चांगले होते, आणि त्याचे कारण त्या वेळच्या डब्बा टीव्हीत आहे.

निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये १९८३ मध्ये आले आणि आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले व्हिडिओ गेम बहुतेक त्याच्याच नकला होते. त्याचे चित्र आडवे २५६ आणि उभे २४० ठिपक्यांचे असते. काचेच्या जुन्या टीव्हीवर हे ठिपके काटेकोर चौकोनी उमटत नसत. त्यांच्या कडा शेजारच्या ठिपक्यांत थोड्या मिसळत आणि डोळ्याला गोलाई भासे. चित्रे काढणाऱ्यांनाही तोच टीव्ही समोर ठेवून काम करावे लागे. आजच्या फोरके टीव्हीवर तेच चित्र पडदाभर ताणले, तर जुना एक ठिपका आडवे १५ आणि उभे ९ नवे ठिपके व्यापतो, शिवाय त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या धारदार दिसतात. त्यातच जुन्या पडद्याचे प्रमाण चारास तीन आणि नव्याचे सोळास नऊ असल्यामुळे मारिओ बसका आणि जाडा होतो. उडीला होणारा उशीरही खेळाचा दोष नाही. नवा टीव्ही आलेले चित्र दाखवण्यापूर्वी त्यावर स्वतःचे संस्कार करतो आणि त्यात सेकंदाचा जो लहानसा अंश जातो, तो मालिका पाहताना जाणवत नाही. खड्ड्याच्या काठावरून उडी मारताना मात्र तेवढ्याने जीव जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचे प्रमाण चारास तीन करावे आणि ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करावा; दोन्ही तक्रारी बऱ्याच अंशी कमी होतील.

बंदुकीचे म्हणाल, तर ती बिघडलेली नसण्याचीच शक्यता अधिक आहे, तेव्हा कृपया ती भंगारात देऊ नये. ती काही फेकत नाही, ती पाहते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या संवेदकाला त्याच क्षणी प्रकाश दिसला, तर नेम लागला असे यंत्र समजते. डब्बा टीव्हीवर चित्र जवळजवळ तत्काळ उमटत असल्यामुळे हा हिशोब जुळत असे. नव्या टीव्हीवर तो चौकोन उशिरा येतो आणि त्याचा प्रकाशही वेगळ्या रीतीने निर्माण होतो, म्हणून बंदूक आंधळी होते. ओळखीपाळखीत कोणाकडे चालू स्थितीतला जुना टीव्ही असेल, तर त्यावर लावून पाहा. मात्र तो उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत स्वतः पडू नका, कारण प्लग काढल्यानंतरही त्यात धोकादायक दाबाची वीज साठून राहू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये मावलेला आहे. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एखादा फोटोही बहुधा त्याहून मोठा असतो. जागा इतकी अपुरी होती की त्यातले ढग आणि झुडपे हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. मारिओच्या मिशा आणि टोपी यांचा जन्मही याच अडचणीतून झाला : मारिओ पहिल्यांदा दिसला त्या १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळात, त्याचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांना इतक्या थोड्या ठिपक्यांत नाक आणि ओठ वेगळे दाखवता येईनात, केसही नीट काढता येईनात, म्हणून त्यांनी मिशा दिल्या आणि टोपी घातली. अशा वेळी प्रत्येक चित्राला आपण कोण आहोत आणि आपल्याशी कसे वागायचे हे पाहताक्षणी सांगावेच लागते. हा गुण वयाबरोबर जात नाही, असे माझे ठाम मत आहे.

भुसावळला आमच्या घरी मी हे स्वतः पाहिले. माझ्या अकरा वर्षांच्या पुतणीने मारिओ कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तिला आठवणींचा मोह असण्याचा प्रश्न नव्हता. मी काहीही न सांगता रिमोट तिच्या हाती दिला. समोरून भुवया चढवलेला तपकिरी प्राणी चालत आला, त्याला धडकून ती पहिल्या पाच सेकंदांतच मेली. दुसऱ्या वेळी तिने घाईने उडी मारली, वरच्या चौकटीवर डोके आपटले आणि नाणे निघाले. ती थांबली आणि मुद्दाम पुन्हा डोके आपटले. चौथ्या वेळी तिच्या लक्षात आले की बटण दाबून धरले तर उडी उंच जाते आणि लगेच सोडले तर ठेंगणी राहते. त्यानंतर चित्रांविषयी ती एक शब्दही बोलली नाही. जेवायला तीन वेळा हाक मारावी लागली. भाच्याला पडद्याचे प्रमाण सुधारून पुन्हा एकदा खेळू द्या, आणि शेजारी बसून सूचना देण्याचा मोह तेवढा आवरा.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाने फार कौतुक केले, म्हणून मी १९९६ चा ‘टूम रेडर’ मिळवला, पण अर्ध्या तासात कंटाळलो. उलट ‘स्टारड्यू व्हॅली’ची चित्रे त्याहूनही जुनाट दिसतात, तरी तो मी रात्र रात्र खेळतो. यात विसंगती आहे का? (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर : मुळीच नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ २०१६ चा आहे. एरिक बरोन यांनी तो एकट्याने तयार केला आणि ठिपक्यांची शैली जाणीवपूर्वक निवडली. त्या चित्रांना खरे शेत दिसायचेच नव्हते. ‘टूम रेडर’ला मात्र खरी गुहा आणि खरी माणसे दाखवायची होती, आणि ते साधण्याइतकी ताकद त्या वेळच्या यंत्रांत नव्हती. मोजक्या त्रिकोणांत बसवलेला चेहरा टोकदार दिसतो; पहिल्या प्लेस्टेशनवर तर पृष्ठभाग किती दूर आहे याचा हिशोब न करताच त्यावर चित्र चिकटवले जात असल्यामुळे चालताना जमिनीच्या रेषा वाकतात आणि थरथरतात. जे चित्र खऱ्याशी स्पर्धा करते ते पुढचे यंत्र येताच हरते, म्हणून १९९५ च्या आगेमागे आलेले अनेक त्रिमितीय खेळ त्यांच्या आधीच्या सपाट खेळांपेक्षा अधिक म्हातारे वाटतात.

तुमच्या कंटाळ्याचे खरे कारण मात्र चित्रापेक्षा हातात असावे, असे मला वाटते. त्यातली नायिका लारा रणगाड्यासारखी जागच्या जागी वळते आणि मग पुढे जाते. आजच्या खेळांची सवय असलेल्या बोटांना हे ओझे वाटणारच. पण ते सारे जग समान आकाराच्या चौरस ठोकळ्यांवर उभारलेले आहे. काठावर उभे राहून एक उडी मागे घेतली, की धावत झेप घेण्यासाठी लागणारे अंतर नेमके तयार होते. हे एकदा कळले की प्रत्येक दरी मोजून पार करता येते, आणि तुमच्या भावाला आवडला तो हाच मोजमापाचा खेळ असणार. आणखी एक तास द्यावा. त्यानंतरही नकोसा वाटला, तर कोणताही संकोच न बाळगता सोडून द्यावा. जुने ते सगळे चांगले असे मानण्याचे कारण नाही, आणि तेव्हाही कंटाळवाणे खेळ पुष्कळ निघत होते.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकांवर नवे खेळ चालत नाहीत. सुट्टीत मुलांना कोणते जुने खेळ द्यावेत? (एक शिक्षिका, शहादा)

उत्तर : मॉस्कोत १९८४ मध्ये अलेक्सी पाजित्नोव यांनी केलेला ‘टेट्रिस’ द्यावा, चार चौकोनांपासून बनणारे सात आकार, एवढीच त्याची सामग्री आहे. १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मोठ्या मुलांसाठी ठेवा. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाचे धावणे आणि उड्या चित्रित करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या, त्यामुळे काठाला लोंबकळून वर चढणारे ते शरीर आजही जिवंत वाटते. १९८० चा ‘पॅकमॅन’ सर्वांना द्या. त्यातली चार भुते दिसायला सारखी असली, तरी लाल भूत थेट पाठलाग करते, गुलाबी भूत पॅकमॅनच्या चार घरे पुढची जागा गाठू पाहते आणि नारिंगी भूत जवळ आले की माघार घेते. हे त्यांना आधी सांगू नका. एक वही द्या आणि कोणते भूत कसे वागते ते त्यांचे त्यांनाच लिहू द्या.