गळवात पट्टी की रबरी दोरी?

प्रश्न : यजमानांच्या मांडीवर लिंबाएवढं गळू झालं. डॉक्टरांनी चिरा देऊन आत गॉजची पट्टी भरली. रोज पट्टी बदलताना ते अक्षरशः ओरडतात. माझ्या जावेच्या मुलाला पुण्यात दोन बारीक छिद्रं पाडून रबरी दोरी घातली, पट्टीबिट्टी काही नाही. आमचं काही चुकलं का? - एक वाचक, कराड

उत्तर : चुकलं नाही ताई, पण ओरडण्याचं कारण खरं आहे.

पू साठला की वाट करून द्यावीच लागते, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. वरचं तोंड आधी बुजलं तर आत पुन्हा साठतो. पट्टी काय नि दोरी काय, दोन्ही ते तोंड उघडं ठेवायलाच.

कॅज्युअल्टीत शिकत होतो तेव्हा आम्ही ती पोकळी बरणीत लोणचं भरावं तशी ठासायचो. आता वाईट वाटतं. २००९ साली अमेरिकेत ४८ रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. पट्टी भरलेल्यांना दुखलं जास्त, आणि फायदा काहीच दिसला नाही. लहान गळवात हल्ली मी पट्टी भरतच नाही. खोल असेल तर सैल ठेवतो.

दोरीत दोन्ही छिद्रं जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. आतले कप्पे बोटाने किंवा चिमट्याने मोडायचे, पोकळी धुवायची, दोरी आरपार ओवून सैल गाठ मारायची. खास दोरी नसेल तर निर्जंतुक हातमोज्याची कडही चालते. पू थांबला की आठ-दहा दिवसांत कापून काढतात. मोठ्यांत ही पद्धत चिऱ्यापेक्षा कमी पडलेली नाही, मुलांत तर सरसच दिसते. पण हात बसलेला डॉक्टर हवा.

'सुईने ओढून घ्या ना' असंही लोक म्हणतात. २०११च्या एका अभ्यासात सोनोग्राफीत बघून सुई घातली, तरी शंभरात २६ जणांनाच गुण आला. चिऱ्याने ८०.

यजमानांसाठी : ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी, डॉक्टरांना विचारून, वेदनाशामक गोळी द्या. पट्टी ओढण्याआधी सलाइनने चिंब भिजवायला सांगा. 'आता पट्टीची गरज आहे का?' हेही बिनदिक्कत विचारा. उपाशीपोटीची साखर एकदा तपासा. गळू घेऊन आलेल्या कितीतरी जणांना मधुमेह आहे हे माझ्याच टेबलावर कळलंय. ताप आला किंवा लाली पसरू लागली, तर उद्याच्या ड्रेसिंगची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.