नेफ्रॉलॉजीच्या (मूत्रपिंडविकारांच्या) परिषदेत तज्ज्ञांबरोबर छोट्या गटाचं मार्गदर्शन सत्र आहे. काय विचारावं, तयारी कशी करावी?

पुण्यात डीएमच्या (एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटी पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहात, परिषदेत आठ जणांच्या टेबलावर जागा मिळाली आहे आणि ‘एवढ्या मोठ्या माणसांना विचारायचं तरी काय’ असं तुम्ही लिहिलंय. अशा सत्रांच्या नियोजनात मी असते, त्यामुळे कुठे वेळ वाया जातो ते चांगलं ठाऊक आहे.

आधी वेळेचा हिशोब मांडा. सत्र पाऊण तासाचं धरलं तर बसणं, ओळखी यात दहा मिनिटं जातात. उरलेली ३५ मिनिटं आठ जणांत वाटली की तुमच्या वाट्याला जेमतेम चार येतात, आणि त्यात उत्तरही आलं. म्हणजे तुमचं बोलणं मिनिटभरात आटपायला हवं. बहुतेकांचं ते मिनिट कुठे शिकलो, कशात रस आहे हे सांगण्यातच संपतं. माझ्या मते सोबत एकच गोष्ट न्यावी: अडलेला एक निर्णय, आकड्यांसकट.

समजा, तुमचा कल पीडीकडे, म्हणजे पोटातल्या पडद्यातून होणाऱ्या पेरिटोनियल डायलिसिसकडे आहे. ‘सर, आपल्याकडे पीडीचं भवितव्य काय?’ असं विचारलंत तर एक छोटं भाषण मिळेल, जे सभागृहातही ऐकता आलं असतं. त्यापेक्षा निघण्याआधी युनिटचं रजिस्टर घेऊन बसा. वर्षभरात पीडीवर कोण कोण होतं, प्रत्येक जण किती महिने, पेरिटोनिटिस (पोटातल्या त्या पडद्याचा संसर्ग) किती वेळा झाला, हे लिहून काढा. महिन्यांची बेरीज २६४ आली तर ती २२ रुग्ण-वर्षं. पेरिटोनिटिसचे एपिसोड ११ असतील तर एका रुग्ण-वर्षामागे दर ०.५. आयएसपीडी या पीडीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींप्रमाणे तो ०.४ च्या वर जाऊ नये. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एपिसोडना नुसत्या रुग्णसंख्येने भागणं. तीन महिन्यांत ट्रान्सप्लांट होऊन गेलेला आणि वर्षभर राहिलेला रुग्ण मग सारखाच मोजला जातो आणि दर आहे त्यापेक्षा कमी दिसतो. दुसरं म्हणजे, उपचार संपल्यावर चार आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आला तर तो रिलॅप्स; तो नवा एपिसोड म्हणून धरू नका.

मग कल्चर, म्हणजे पोटातून निघालेल्या द्रवातला जंतू शोधायची तपासणी बघा. ११ पैकी ४ निगेटिव्ह (जंतू न सापडलेली) असतील तर ते ३६ टक्के झाले. अपेक्षा १५ टक्क्यांच्या आत राहण्याची असते. आता प्रश्न आपोआप तयार होतो: ‘दर ०.५, कल्चर निगेटिव्ह ३६ टक्के. आधी रुग्णांचं ट्रेनिंग हातात घेऊ की लॅब?’ याला समोरची व्यक्ती भाषण देऊच शकत नाही, उलट तुम्हालाच विचारते. साताऱ्याहून किंवा बारामतीहून निघालेल्या रुग्णाला वाटेत कुणी अँटिबायोटिक दिलं होतं का? रात्री आलेली द्रवाची बॅग लॅबला कधी पोहोचते? ५० मिली द्रव ३००० जी वर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करून खालचा गाळ ब्लड कल्चरच्या बाटलीत घालता, की थोडा द्रव नुसता प्लेटवर? या तिन्हींची उत्तरं आधीच विचारून ठेवा. तुमच्या मायक्रोबायॉलॉजीच्या टेक्निशियनशी दहा मिनिटं बोललात तर निम्मं काम झालं.

पेशंटची केस न्यायची असेल तर चार ओळी पुरेत: वय, प्रोटिनुरिया (लघवीतून जाणारं प्रोटीन), ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज), बायोप्सीचा स्कोअर आणि नेमकं कुठे अडलंय ते. ‘आयजीए नेफ्रोपथीत (मूत्रपिंडाच्या एका आजारात) स्टिरॉइड द्यावं का’ याचं उत्तर गाइडलाइनमध्ये आहे. पूर्वी टीबी होऊन गेलेल्याला द्यायचं तर कसं, याला मात्र अनुभव लागतो. याच आजारातल्या ‘टेस्टिंग’ (TESTING) नावाच्या औषध-चाचणीत गंभीर संसर्ग वाढल्यामुळे मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा रोजचा डोस ०.४ मिग्रॅ प्रति किलोवर आणावा लागला आणि न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या संसर्गासाठी प्रतिबंधक औषधही जोडलं गेलं. एवढं तुम्हाला माहीत आहे हे दिसलं की बोलणं तिथून पुढे सुरू होतं. फोनवर स्लाइड दाखवणार असाल तर कडेच्या लेबलवरचं नाव आणि बायोप्सी नंबर कापून टाका. घाईत हे फार राहून जातं.

टेबल निवडता येत असेल तर नाव बघून निवडू नका. थीसिस, आकडेवारी, पहिला पेपर यांसाठी तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षं पुढे असलेली व्यक्ती जास्त उपयोगी पडते, कारण त्या अडचणी तिच्या ताज्या असतात. फेलोशिपबद्दल विचारायचं असेल तर ज्येष्ठांकडे जा, पण परत येऊन काय सुरू करणार हे आधी ठरवून जा. आयएसएन या नेफ्रॉलॉजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या फेलोशिपमध्ये मायदेशी परतून काम करणं अपेक्षितच असतं. शिफारसपत्र मात्र मागू नका. चार मिनिटांच्या ओळखीवर लिहिलेल्या पत्राला वजन नसतं.

इंग्रजीचं दडपण असेल तर पहिली दोन वाक्यं लिहून मोठ्याने म्हणून बघा, वॉर्डातल्या ज्युनिअरसमोर. पुढचं हिंदीत गेलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. आणि एखादा सगळा वेळ खात असेल तर गप्प बसू नका. ‘त्यालाच जोडून माझा प्रश्न आहे’ म्हणून आत शिरा. चांगला समन्वयक अशा वाक्याची वाटच बघत असतो.

दोन दिवसांत पाच ओळींचा मेल करा: काय सांगितलं होतं, त्यातलं काय करणार. व्हॉट्सॲपवर ‘गुड मॉर्निंग’ नको. तीन-चार महिन्यांनी नवे आकडे कळवा, पण युनिटचे आकडे बाहेर पाठवण्याआधी विभागप्रमुखांना दाखवा. पुढे त्याचा पेपर होईल असं वाटत असेल तर एथिक्स कमिटीकडे अर्ज आत्ताच करा. काम उरकल्यावर मागाहून मंजुरी मिळत नाही.