कीपरने स्वतःवर कसं हसावं?

प्रश्न : आमच्या क्रिकेट क्लबचा मेळावा आहे. मी बारा वर्षं कीपर होतो, पण नाव घेण्यासारखं काही केलं नाही. पाच मिनिटं बोलायचंय. स्वतःवर विनोद केले तर लोकांना कीव येईल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : कीव येते ती मोघम बोलण्याने. ‘मी काही मोठा खेळाडू नव्हतो’ म्हटलं की समोरचे ‘नाही हो, छान खेळायचात’ म्हणून समजूत घालतात. त्यापेक्षा आकडा सांगा.

अमेरिकन बेसबॉलमधला बॉब युकर असेच स्वतःच्या खेळावर विनोद करायचा. तोही तुमच्यासारखाच बॅटरच्या मागे उभा राहणारा, म्हणजे तिथला कॅचर. १९६२ ते १९६७ या सहा हंगामांत ७३१ ॲट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या), त्यांत १४६ हिट (यशस्वी फटके), म्हणजे सरासरी ०.२००. चांगल्या बॅटरची ०.३०० असते. १९६७ मध्ये त्याने २७ पास्ड बॉल (कॅचरने पकडायला हवे होते असे चेंडू) सोडले, लीगमध्ये सर्वाधिक. त्याच्या संघाचा पिचर (म्हणजे बॉलर) फिल नीक्रो नकलबॉल टाकायचा. बोटांच्या टोकांनी धरून सोडलेला हा चेंडू जवळजवळ फिरतच नाही, त्यामुळे शिवणीवरून जाणारी हवा त्याला ऐनवेळी कुठेही ढकलते. तो पकडायची युकरची युक्ती : घरंगळायचा थांबला की उचलायचा! यात नीक्रोचं कौतुकच आहे, हे नीट पाहा. १९६५ मध्ये युकरने सँडी कोफॅक्स या नामांकित पिचरला होमरन (आपल्याकडच्या षटकारासारखा फटका) मारला, तर म्हणायचा, माझ्यामुळे याचं हॉल ऑफ फेम (थोर खेळाडूंचा मानाचा गट) हुकणार. (कोफॅक्सची निवड १९७२ मध्ये झालीच.)

तुम्हीही जुनी स्कोअरबुकं काढा आणि एकाच मॅचमधले बाय (बॅटला न लागता कीपरला चुकवून गेलेल्या चेंडूवरच्या धावा) मोजा. गोल्फ क्लब मैदानावरची मॅच असेल तर चेंडू कोणत्या बाजूच्या बाउंड्रीला गेला तेही सांगा. समोर घरची मंडळी असतील. बाय म्हणजे काय ते विनोदाच्या आधी एका वाक्यात सांगून टाका. नंतर समजावलेला विनोद मेलाच. त्या बॉलरचं मनापासून कौतुक करा. दव, पिच, निवड समिती यांना हात लावू नका. लावलात की विनोदाची तक्रार होते. असे किस्से तीनच, चौथ्याला लोक चुळबुळतात. मग एक चांगला झेल सांगा, तो मात्र सरळ, विनोद न करता.

पाच मिनिटांत साधारण ५०० शब्द बसतात. हशाला जागा लागते, म्हणून ४००च लिहा आणि घड्याळ लावून दोनदा मोठ्याने म्हणून बघा.