काळ्या दगडातल्या तांबड्या पट्ट्या

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. "सर, आपल्या मराठवाड्यात नुसता काळा दगड. ना समुद्र, ना शंखशिंपले. जुनं हवामान शिकायचं तर कच्छला नाहीतर हिमालयातच जावं लागणार," असं तू लिहिलंस. अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

बरोबर एवढंच, की आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, तो लाव्हापासून बनतो आणि हजार अंशांवरच्या त्या रसात शिंपला टिकत नाही. समुद्राची नोंद ठेवावी ती गाळाच्या खडकांनी. ती कशी ठेवली जाते, हे एकदा नीट समजून घे, म्हणजे आपल्याकडं काय शोधायचं ते कळेल. फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात, बहुतेक वाळूच्या कणाएवढे. समुद्राच्या पाण्यातूनच ते आपलं चुन्याचं कवच बनवतात. पाण्यात हलका ऑक्सिजन असतो, १६ वस्तुमानाचा, आणि थोडासा जड, १८ वस्तुमानाचा. हलक्या ऑक्सिजनच्या पाण्याची वाफ लवकर होते. हिमयुगात ती बर्फ होऊन ध्रुवांकडं अडकून पडते, समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं, आणि तेच कवचात उतरतं. जीव मेला की कवच तळाशी बसतं, वर गाळ साचतो. पण गंमत पुढंच आहे. पाणी थंड असलं तरी कवचात जड ऑक्सिजन जास्त जातो. म्हणजे हाती येणाऱ्या एका आकड्यात बर्फ किती आणि पाणी किती थंड, ही दोन्ही उत्तरं कालवलेली असतात. ती वेगळी करण्यात लोकांची उमर गेली आहे. खडक कधीच एका प्रश्नाचं एक उत्तर देत नाही. ज्याला हे सहन होत नाही, त्यानं सरळ बँकेच्या परीक्षा द्याव्यात.

आता आपल्याकडचं. कन्नडच्या घाटात किंवा एखाद्या खोल विहिरीच्या कडेला काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये गेरू रंगाची पट्टी दिसते. पुस्तकात तिला रेड बोल म्हणतात. विहीर खोदणाऱ्यांना ती पक्की ठाऊक असते, कारण तिथं दगड एकदम मऊ लागतो. या पट्टीजवळ निवांत बस. खालून वर बघ. खाली काळा दगड, मग त्याच्या वरच्या अंगाला गोल भोकं, काही झिओलाइट नावाच्या पांढऱ्या खनिजानं भरलेली. वायूचे बुडबुडे वर चढून तिथं अडकले, म्हणून ती जागा त्या लाव्हाचा माथा. त्यावर कुजका, भुसभुशीत दगड, मग तांबडी माती. चिमूटभर जिभेला लाव, चिकटली तर चिकणमाती आहे. पट्टीची वरची दोन-चार बोटं मात्र भट्टीतल्या विटेसारखी कडक निघतात, कारण पुढचा लाव्हा त्यांच्यावरून गेला आणि त्यांना भाजून गेला. त्या वरच्या थराच्या बुडाशी कधी उभ्या नळ्यांसारखी भोकं सापडतात. ती एका बाजूला कललेली असतील तर लाव्हा कुठल्या दिशेला वाहत होता, तेही कळतं.

म्हणजे तांबडी पट्टी ही दोन उद्रेकांमधली उसंत आहे. तेवढ्या काळात दगड पावसानं आणि हवेनं कुजला, त्यातल्या लोखंडाला गंज चढला. हवामान त्या गंजात आहे. पण लगेच "जुनी जमीन सापडली" म्हणून टाळ्या पिटू नकोस. काही पट्ट्यांत हवेतून पडलेली ज्वालामुखीची राख आहे, काहींत वाहून आलेली माती. प्रत्येक पट्टी वेगळी तपासावी लागते.

ती राख मात्र लाखमोलाची. बेसाल्टमध्ये झिरकॉन हे खनिज जवळजवळ नसतंच, राखेत ते सापडतं. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतं, शिसं जवळपास घेत नाही. पुढं युरेनियमचं शिसं होत जातं, त्याचा वेग माहीत आहे, मग हिशेब मांडता येतो. सह्याद्रीतल्या अशाच पट्ट्यांमधल्या झिरकॉनवरून एका गटानं दख्खनच्या उद्रेकांचे टप्पे ठरवले. दुसऱ्या गटानं थेट बेसाल्टचं वय आरगॉन पद्धतीनं, म्हणजे दगडातल्या पोटॅशियमपासून किती आरगॉन वायू झाला ते मोजून, काढलं. दोघांचे निबंध २०१९ साली एकाच वेळी 'सायन्स' या नियतकालिकात आले. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोर संपले, त्या आसपासच हा लाव्हा वाहत होता, यावर दोघांचं एकमत. पहिला गट म्हणतो, एक मोठा लोंढा त्या संहाराच्या आधी हजारो वर्षं सुरू झाला. दुसऱ्याच्या मते बराचसा लाव्हा नंतरचा. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाच, आणि निष्कर्षाआधी वयात किती वर्षं इकडंतिकडं होऊ शकतात असं धरलं आहे ते बघ. त्याच काळाची समुद्रातली खूण इटलीत गुब्बिओला आहे. चुनखडकात बोटभर चिकणमाती, खाली मोठे फोरामिनिफेरा, वर अगदी बारके आणि मोजक्याच जातींचे. त्या मातीत इरिडियम हा धातू भरपूर निघाला. तो जमिनीवरच्या खडकांत दुर्मिळ, उल्कांत जास्त. म्हणून १९८० साली अल्वारेझ या शास्त्रज्ञ पितापुत्रांनी प्रचंड उल्का आदळून हा संहार झाला, अशी कल्पना मांडली.

समुद्र हवाच असेल तर आपल्याच नद्यांच्या मागं जा. गोदावरी पैठण, नांदेड करत पुढं राजमहेंद्रीला पोचते. तिथं नदीच्या दोन्ही तीरांवर दख्खनचाच लाव्हा आहे, आणि त्याच्या दोन थरांमध्ये समुद्रातला गाळ, शिंपल्यांसकट. संहारानंतर सावरू लागलेले फोरामिनिफेरा त्यात मिळाले आहेत. हिंगोली-नांदेडच्या हद्दीवरून वाहणारी पैनगंगा तर आणखी मागं नेते. चंद्रपूरजवळ इरई गावाच्या परिसरात तिच्या काठी प्राचीन समुद्रातला चुनखडक आहे, हाडं आणि शिंपले असलेले प्राणी पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीचा. त्याच्या पृष्ठावर समांतर ओरखडे आहेत आणि वर मोठ्या गोट्यांचा थर. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला असताना हिमनदीनं दगड घासत नेले, त्याचे हे वळ. १८७० च्या दशकातच भूवैज्ञानिकांनी ते ओळखले होते. मे महिन्यात चंद्रपूरला उभं राहून हिमनदीची कल्पना करणं सोपं नाही, हे कबूल.

आणि आपल्या पायाखाली? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं. सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, मग जेमतेम आठ मीटर गाळ, आणि त्याखाली थेट अब्जावधी वर्षांचे रूपांतरित खडक. मधली कोट्यवधी वर्षं बेपत्ता. गाळ साचलाच नाही, की साचून धुऊन गेला? परीक्षेत अशा जागेला विसंगती लिहितात आणि पुढं जातात. तू जाऊ नकोस.

अलीकडचा काळ आवडत असेल तर मांजरा आहे. तिच्या काठच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत हत्ती आणि रानबैलांचे जीवाश्म मिळालेत. २०१६ साली त्याच मांजरेच्या खोऱ्यातल्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. या दोन गोष्टी जोडायचा मोह होईल, पण एक उन्हाळा म्हणजे हवामान नव्हे. त्यासाठी थर मोजावे लागतात.

सुरुवात तुमच्या गावच्या विहिरीपासून कर. विहीर मालकाला विचारून घे आणि एकटी उतरू नकोस, पायऱ्यांना शेवाळ असतं. टेप, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि वही, एवढं बास. मोबाइलवर फोटो काढायच्या आधी हातानं चित्र काढ, कारण फोटो काढला की माणूस बघायचं थांबतो. प्रत्येक थराची जाडी, रंग, भोकांचा आकार, पट्टीचा वरचा आणि खालचा काठ, सगळं खालून वर लिही. विहीर खोदणारे कुणी हयात असतील तर कुठं दगड मऊ लागला, पाणी कुठं फुटलं, ते विचार आणि त्यांच्याच शब्दांत टिपून ठेव. इरईला गेलीस तर त्या ओरखड्यांवर हातोडी चालवू नकोस, नमुना लागलाच तर सुटा पडलेला दगड घे.

वही दिवाळीच्या सुट्टीत घेऊन ये. मोजमापं कच्ची असली तरी चालतील, फक्त खोडून पुन्हा लिहू नकोस. खोडलेलं मला बघायचं आहे.

तुझा,
सर